सहकारी आतून खचलाय हे दिसतंय. साथ द्यायची, पण किती आणि कुठपर्यंत?

शेजारच्या टेबलावरचा सहकारी. एरवी डबा उघडला की आधी तुमच्या डब्यातली भाजी बघणारा. गेले दहा-बारा दिवस तो जेवायला खाली येत नाही. साध्या मेलवरून कुणावर तरी ओरडला. काल दुपारी वॉशरूममधून बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. तुम्ही विचारलंत, "काय रे, बरा आहेस ना?" तो म्हणाला, "काही नाही रे, झोप झाली नाही."

इथे बहुतेक जण दोनपैकी एक काहीतरी करतात. एक तर "त्याचं खासगी आहे, आपण कशाला पडा" म्हणून मान फिरवतात. किंवा मग पूर्ण उडी घेतात, म्हणजे रात्री दोन-दोन तास फोन, त्याचं काम आपल्या अंगावर, साहेबांसमोर त्याच्यासाठी थापा. तीन महिन्यांनी पहिला अजून खचलेलाच असतो आणि दुसराही आजारी पडायच्या बेताला आलेला असतो.

या दोन टोकांच्या मध्ये एक जागा आहे. ती कशी शोधायची, हे या लेखात समजून घेऊ.

हा प्रश्न किती मोठा आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली काम करण्याच्या वयातल्या सुमारे १५ टक्के प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक आजार होता. नैराश्य आणि चिंतेच्या आजारांमुळे जगभरात दरवर्षी कामाचे सुमारे १२०० कोटी दिवस वाया जातात, असंही ही संघटना सांगते. भारताबद्दल बोलायचं तर २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, पाहणीच्या वेळी सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार असल्याचं आढळलं होतं. म्हणजे वीस जणांच्या ऑफिसात सरासरी दोघं. आणि अशा आजारांसाठी उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण बहुतेक आजारांमध्ये ७० टक्क्यांच्या वर होतं.

तेव्हा "आमच्या ऑफिसात असं कुणी नाही" असं वाटत असेल, तर बहुधा तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही एवढंच.

एक शब्द इथेच स्पष्ट करून घेऊ, कारण तो हल्ली सोशल मीडियावर कशालाही लावला जातो. 'बर्नआउट'. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात (ही आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि २०२२ पासून लागू आहे) बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही, तर कामाशी जोडलेली स्थिती म्हणून. तिच्या तीन खुणा दिल्यात. शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही अशी भावना. नैराश्य हा मात्र वैद्यकीय आजार आहे आणि तो सुट्टी घेऊन महाबळेश्वरला जाऊन आल्याने बरा होत नाही. दोघांत फरक करणं डॉक्टरांचं काम. तुमचं-माझं नाही.

काय बघायचं?

बदल बघायचा. मुळातच कमी बोलणारा माणूस गप्प बसला तर त्यात काही विशेष नाही. बडबड्या माणूस गप्प झाला तर आहे. वेळेवर येणारी मॅडम रोज उशिरा यायला लागली, टापटीप राहणाऱ्याचं कपड्यांकडे लक्ष नाही, पुन्हा पुन्हा सुट्ट्या, कधी नव्हे त्या चुका, दारूचा वास, एकदम खूप चिडचिड. यातली एखादी गोष्ट एखाद दिवस कुणाचीही होते. दोन आठवडे टिकली आणि दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर विचारावं.

पण निदान करू नये. "तुला डिप्रेशन आलंय", "ही नक्की अँक्झायटी आहे", "त्या रीलमध्ये सांगितलं ना, तेच हे". रील बघून कुणी डॉक्टर होत नाही, आणि ज्याला असं लेबल लागतं तो पुढच्या वेळी तुमच्यापासूनही लपवायला लागतो.

विचारायचं कसं?

जागा महत्त्वाची. टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "सगळं ठीक ना? 🙏" असं कधीही नको. चारचौघांत नको, मीटिंग संपल्या संपल्या नको. चहाच्या टपरीवर, स्टेशनपर्यंत सोबत चालताना, बसच्या शेजारच्या सीटवर बसून बरं पडतं. समोरासमोर डोळ्यांत डोळे घालण्यापेक्षा शेजारी असताना माणूस लवकर मोकळा होतो.

जे दिसलं तेच बोला. "गेल्या आठवड्यात तू एकदाही जेवायला आला नाहीस, आणि थकलेला दिसतोयस. मला काळजी वाटली म्हणून विचारतोय. सांगायचं असेल तर मी ऐकतो, नसेल तरी चालेल." समोरची व्यक्ती वयाने किंवा पदाने मोठी असेल तर, "सर, दोन-तीन दिवस तुम्ही जरा अस्वस्थ दिसताय. माझ्याकडून काही होण्यासारखं असेल तर सांगा." एवढं पुरतं. 'नाही' म्हणाले तर सोडून द्या, पण दार उघडं ठेवा. चार-पाच दिवसांनी पुन्हा एकदा साधी चौकशी केली की कळतं, पहिलं विचारणं औपचारिक नव्हतं.

आणि माणूस बोलायला लागला की आपण बोलायचं नाही. हे सगळ्यात अवघड. आपल्याकडे सल्ला देणं हीच आपुलकी समजली जाते. "टेन्शन घेऊ नकोस", "मन खंबीर कर", "आमच्या वेळी तर याच्या दुप्पट काम असायचं", "लग्न झालं की होईल सगळं ठीक". यातल्या एकाही वाक्याने कुणाला हलकं वाटल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. त्यापेक्षा "हे फार अवघड आहे" आणि "मग तू काय केलंस?" ही दोन वाक्यं जास्त कामाची.

त्याने सांगितल्यावर पुढे काय, यासाठी एक कल्पना उपयोगी पडते. २००० साली ऑस्ट्रेलियात बेटी किचनर या परिचारिका-प्रशिक्षिका आणि संशोधक अँथनी जॉर्म यांनी 'मानसिक आरोग्य प्रथमोपचार' नावाचं प्रशिक्षण सुरू केलं. पुढे ते अनेक देशांत पसरलं. त्यामागचा विचार साधा आहे. कारखान्यात कुणाचा हात कापला तर आपण प्रथमोपचाराची पेटी काढतो, रक्त थांबवतो आणि दवाखान्यात नेतो. टाके आपण घालत नाही. मनाच्या बाबतीतही तेच. विचारणं, ऐकून घेणं, धीर देणं, योग्य मदतीपर्यंत पोचवणं, इथवर आपलं काम. टाके घालायला बसलात की दोघांचंही नुकसान.

सीमा म्हणजे नक्की काय?

सीमा म्हटलं की आपल्याकडे लोकांना ती परकेपणासारखी वाटते. "एवढं काय, माणुसकी आहे की नाही?" त्यात मराठी ऑफिसातली अजून एक गंमत, नाती लगेच लागतात. टीममधली मोठी बाई 'ताई' होते, सिनियर 'दादा' किंवा 'काका'. हे छानच आहे. पण एकदा ताई झाली की तिने कधीही, कितीही ऐकायचं असंही गृहीत धरलं जातं. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या हवाई सेविकांचा अभ्यास करून एक पुस्तक लिहिलं, आणि नोकरीसाठी स्वतःच्या भावना आवरून, चेहरा ठरावीक ठेवून केल्या जाणाऱ्या कामाला 'भावनिक श्रम' असं नाव दिलं. आज तो शब्द जरा सैल अर्थाने वापरला जातो, पण मूळ मुद्दा खरा आहे. समोरच्याचं दुःख ऐकून घेताना आपला चेहरा शांत ठेवणं हेही कष्टाचंच काम. ऑफिसात ते बहुतेक वेळा बायकांच्या वाट्याला येतं आणि अप्रेझलमध्ये त्याचा रकाना नसतो.

म्हणून काही गोष्टी आधीच ठरवलेल्या बऱ्या.

पहिली म्हणजे वेळ. रात्री साडेअकराला फोन आला तर? पहिल्यांदा उचला, काही गंभीर असू शकतं. पण तेच रोजचं झालं तर सरळ सांगावं लागतं. "मला तुझं ऐकायचं आहे, पण रात्री दहानंतर माझं डोकं चालत नाही. उद्या जेवणाच्या सुट्टीत आपण अर्धा तास बाहेर जाऊ." यात नकार नाही. उलट, ठरलेली वेळ मिळाल्याने समोरच्यालाही आधार वाटतो. मोघम "कधीही फोन कर रे" हे वाक्य ऐकायला मोठं वाटतं, पण चौथ्या रात्री तुम्ही फोन उचलला नाहीत की तेच त्याला लागतं.

मी स्वतः हे उशिरा शिकलो. आधीच्या एका नोकरीत एका मित्रासाठी जवळपास सहा महिने रोज रात्री फोनवर बसायचो. त्याला डॉक्टरकडे जा म्हणायचं धाडस झालं नाही, कारण तो म्हणायचा, "तुझ्याशी बोललं की बरं वाटतं, डॉक्टर कशाला?" ऐकायला फार गोड वाटायचं. पुढे त्याचा फोन वाजला की माझ्याच पोटात गोळा यायला लागला. शेवटी मी फोन टाळायला लागलो, आणि त्याला उपचार मिळायला हवे होते त्यापेक्षा सहा महिने उशिरा मिळाले. त्या उशिरात माझाही वाटा होता.

दुसरी गोष्ट कामाची. आठवडाभर त्याची एक्सेल शीट भरून दिलीत, एक शिफ्ट बदलून घेतलीत, क्लायंटचा एक फोन सांभाळलात, ही खरी आणि फार मोठी मदत आहे. कधी कधी शंभर सल्ल्यांपेक्षा मोठी. पण तीच मदत दोन-तीन महिने गुपचूप चालली तर दोन गोष्टी होतात. वरिष्ठांना कळतच नाही की माणूस अडचणीत आहे, त्यामुळे सुट्टी, कामाची फेरवाटणी असा कुठलाच अधिकृत मार्ग उघडत नाही. आणि चूक झाली की ती तुमच्या नावावर. म्हणून मुदत बोलून टाकावी. "या शुक्रवारपर्यंत मी करतो. त्यानंतर आपण दोघं मिळून मॅडमशी बोलू."

पैशांचं थोडक्यात. द्यायचे तर परत आले नाहीत तरी नातं टिकेल एवढेच द्यावेत.

तिसरी गोष्ट, 'तारणहार' व्हायचा मोह. मानसोपचारतज्ज्ञ स्टीफन कार्पमन यांनी १९६८ मध्ये नात्यांमधला एक त्रिकोण मांडला होता. एक पीडित, एक छळणारा, एक वाचवणारा. गंमत अशी की या भूमिका फिरत राहतात. वाचवणारा थकला की तोच "एवढं केलं तुझ्यासाठी आणि तू काहीच बदलत नाहीस" म्हणून छळणारा होतो, किंवा स्वतःच पीडित. ऑफिसात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, फक्त त्याला नाव माहीत नव्हतं.

अजून एक सापळा म्हणजे टपरीवरचं रोजचं रडगाणं. बॉसला शिव्या घालून बरं वाटतं, नाही असं नाही. पण तीच तक्रार रोज, तेवढ्याच तपशिलाने, दोघांनी मिळून घोळवत राहणं वेगळं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये शाळकरी मुला-मुलींवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं की, अशा एकत्र घोळवण्याने मैत्री घट्ट होते, पण त्याच वेळी नैराश्य आणि चिंतेची लक्षणंही जास्त आढळतात. अभ्यास मुलांचा होता, पण आठवून बघा, टपरीवरून परत आल्यावर तुमचं डोकं हलकं असतं की जड?

"कुणाला सांगू नकोस हं"

हे वाक्य येतंच. आणि आपण लगेच शपथ घेऊन मोकळे होतो. घेऊ नका. त्याऐवजी म्हणा, "मी कुणाकडे बोलणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं, तर मी मदत मागणार. ते तुला सांगूनच करीन."

बाकी सगळं मात्र खरोखर पोटात ठेवायचं. जवळच्या मित्रालाही नाही, "नाव न घेता" सुद्धा नाही, कारण ऑफिसात नाव न घेताही सगळ्यांना कळतं. भारताच्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपली माहिती गोपनीय राहण्याचा हक्क दिलाय आणि उपचार करणाऱ्यांवर तसं बंधन घातलंय. तिथेही जिवाला असलेला धोका टाळण्यापुरती माहिती देण्याचा अपवाद आहे. डॉक्टरांना जो अपवाद लागू आहे, तो तुम्ही मैत्रीत ठेवलात तर विश्वासघात होत नाही.

जिवाचा प्रश्न असेल तेव्हा

"मी नसलो तर बरं होईल सगळ्यांचं." "आता पुरे झालं." अचानक आवडत्या वस्तू वाटून टाकणं, निरोप घेतल्यासारखे मेसेज. अशा वेळी वर सांगितलेल्या वेळेच्या सीमा बाजूला.

स्पष्ट शब्दांत विचारा. "तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतायत का?" विचारल्याने डोक्यात ती कल्पना घुसते हा गैरसमज आहे. उलट अनेकांना पहिल्यांदाच कुणीतरी थेट विचारल्याने सुटल्यासारखं वाटतं. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, वाद घालू नका, "घरच्यांचा विचार कर" असं अपराधी वाटायला लावणारं काही बोलू नका. घरच्या विश्वासातल्या माणसाला कळवा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. फोन त्याच्याने होत नसेल तर शेजारी बसून तुम्ही लावून द्या. धोका अगदी समोर असेल तर ११२ किंवा जवळचं हॉस्पिटल.

पोलीस केस होईल या भीतीने लोक लपवतात. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तसं नव्हतं हे सिद्ध झाल्याशिवाय तिला शिक्षा होत नाही. तिची काळजी आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे.

कारण ऑफिसच असेल तर?

कधी कधी माणूस आजारी नसतो, टार्गेट आजारी असतं. बँकेत, सेल्समध्ये, कॉल सेंटरमध्ये काम केलेल्यांना हे सांगायला नको. अशा वेळी सहकाऱ्याला श्वासाचे व्यायाम शिकवणं म्हणजे छप्पर गळतंय आणि आपण टॉवेल वाटतोय. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात कामाची रचना बदलणं आणि मॅनेजर लोकांना प्रशिक्षण देणं यावर भर आहे, वर्षातून एकदा योगाचं सेशन ठेवण्यावर नाही. तारखा, मेल, कामाचे तास लिहून ठेवायला मदत करणं आणि एचआरकडे सोबत जाणं, हा मित्राचा खरा उपयोग.

लैंगिक छळाचा प्रकार असेल तर तो 'ताण' म्हणून ऐकून सोडू नका. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते. मुदत तिला सांगा, तक्रार करायची की नाही हे तिला ठरवू द्या.

आणि तुम्हीच त्याचे वरिष्ठ असाल तर तुमची जागा वेगळी आहे. तुम्ही त्याचे मित्र नाही, पण मित्राला जे जमत नाही ते तुमच्या हातात आहे. काम कमी करणं, मुदत पुढे ढकलणं, सुट्टी मंजूर करणं. "नक्की काय आजार आहे?" हे विचारायची गरज नसते. "कामात काय बदल केला तर तुम्हाला झेपेल?" हे विचारा.

उपचारापर्यंत न्यायचं कसं?

"तू सायकियाट्रिस्टकडे जा" हे वाक्य अनेकांना शिवीसारखं लागतं. "मला वाटतं हे माझ्या आवाक्याच्या बाहेर आहे, आणि तुला माझ्यापेक्षा चांगली मदत मिळायला हवी" असं म्हटलं तर पचतं. पहिल्या भेटीला सोबत जा, बाहेर बाकावर बसा. सरकारी व्यवस्थेत जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सेवा मिळते. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. कंपनीचा समुपदेशन कार्यक्रम असेल तर एचआरला त्याचा नंबर विचारा. खर्चाची काळजी असेल तर आरोग्य विम्याची कागदपत्रं काढा. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायचं, असं २०१७ चा कायदा विमा कंपन्यांना सांगतो.

तुम्हीच थकलात तर

झोप उडाली, त्याचं नाव स्क्रीनवर दिसलं की चीड येते, घरी जेवताना तोच विषय डोक्यात. या खुणा दिसल्या तर मागे सरकायची वेळ झालीय. गायब होऊ नका, ब्लॉक करू नका, सांगून मागे सरका. "गेले दोन महिने मी ऐकतोय, आणि खरं सांगायचं तर माझीही ओढाताण होतेय. मी कुठे जात नाही. पण रोज नाही जमणार, बुधवारी आपण नक्की भेटू. मधल्या काळात तुझ्या ताईला सांगूया का?" एकाच्या जागी तीन-चार माणसं आधाराला आली तर कुणालाच एकट्याने ओढावं लागत नाही.

स्वतःचा ताण हलका करायचा तो त्याच्यासमोर नाही. सुझन सिल्क आणि बॅरी गोल्डमन यांनी २०१३ मध्ये यासाठी वर्तुळांची कल्पना मांडली होती. मधोमध ज्याच्यावर संकट आहे तो, भोवती जवळचे, त्याबाहेर लांबचे. धीर आतल्या दिशेने द्यायचा, तक्रार बाहेरच्या दिशेने करायची. म्हणजे तुम्हाला रडायचं असेल तर तुमच्या घरी, तुमच्या मित्राकडे, किंवा तुमच्याच समुपदेशकाकडे. १४४१६ हा नंबर तुमच्यासाठीही आहे.

महिन्या-दोन महिन्यांच्या सुट्टीनंतर तो परत येईल तेव्हा ऑफिस दोन गोष्टी करेल. काही जण काचेचं भांडं असल्यासारखं वागतील, काही जण कोपऱ्यात कुजबुजतील. तुम्ही डबा घेऊन त्याच्या टेबलापाशी जा आणि विचारा, "आज काय आणलंयस?"